गिरणीतली मधली खाट

ही गोष्ट खरी आहे.

खोटी वाटली तर सोडून द्या. भुतांवर विश्वास ठेवा म्हणून कुणाच्या विनवण्या करायला मी बसलेलो नाही. ज्यांच्या बाबतीत हे घडलं ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बसचे ड्रायव्हर आहेत. पुढे रस्ता, मागे माणसं, एवढंच त्यांचं जग. कल्पनाशक्ती नावाची वस्तू त्यांच्या वाट्याला आलेलीच नाही. असा माणूस गोष्ट रचणार कुठून?

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही.

भर दुपार होती. उन्हाळ्याची. बाहेर बस धुवायचा पाइप चालू होता, कँटीनमध्ये भांडी आपटत होती, आणि तरीही...

पण आधी भाऊजी कसे आहेत ते सांगतो.

भाऊजींना कुणी काही सांगितलेलं चालत नाही. लग्न झाल्यापासून ताई सांगत होती, "अहो, तुम्ही घोरता." आणि भाऊजी म्हणत होते, "मी? मी गाढ झोपतो. कष्टाची झोप आहे ती." त्या कष्टाच्या झोपेला कंटाळून ताई मुलांच्या खोलीत झोपायला गेली ती गेलीच. दुसऱ्या कुणी घोरलेलं मात्र भाऊजींना खपायचं नाही. गाडीत एखादा प्रवासी घोरायला लागला की आरशातून त्याच्याकडे असं बघायचे, जसं काही त्याने सीटवर घाण केली आहे. "माणसाला आपल्या तोंडावर ताबा नको?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मग त्यांची बदली झाली.

नव्या डेपोत ड्युटी तुटक होती. पहाटे एक पाळी, संध्याकाळी एक. मधली दुपार डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत काढायची. रात्रीची झोप जेमतेम, त्यामुळे दुपारची हीच झोप खरी. मोठी खोली, ओळीने खाटा. कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन टाकून एक लहान खोली काढलेली.

त्या डेपोतली रीत अशी की जो घोरेल त्याने लहान खोलीत जायचं. तिला सगळे 'गिरणी' म्हणायचे. गिरणीचा आवाज फारच वाढला की अलीकडून पार्टिशनवर बूट आपटायचा. एवढा शहाणपणा त्या लोकांना आपणहून सुचला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पहिल्याच दुपारी भाऊजी मोठ्या खोलीत आडवे झाले. जाग आली ती पोटावर येऊन पडलेल्या बुटाने.

"उचला गादी," एक मिशीवाला ड्रायव्हर म्हणाला. सगळ्यांत जुना, म्हणून सगळ्यांत आगाऊ. "तिकडे गिरणीत काय दळायचं ते दळा."

सगळे हसले. भाऊजींनी आयुष्यात एवढा अपमान गिळला नव्हता. गादी काखोटीला मारून ते गिरणीत गेले.

आत तीन खाटा होत्या. एक दाराशी. एक पार्टिशनला लागून, तिच्या उशाशी विजेचा प्लग. आणि एक मध्ये.

मधल्या खाटेवरची गादी गुंडाळून दोरीने बांधून ठेवली होती.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. भाऊजींनी पार्टिशनजवळची खाट धरली, पंखा लावला आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घालत झोपले.

आणि मग...

धप्. धप्.

भाऊजी ताडकन उठून बसले. छाती धडधडत होती. घसा कोरडा. तोंडाने हवा ओढत होते, पाण्यातून वर आल्यासारखी.

'बूट आपटतायत नालायक,' त्यांना वाटलं. ते परत झोपले.

धप्. धप्.

दुपारभर हे चाललं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी भाऊजी तरातरा बाहेर आले आणि मिशीवाल्याची चादर ओढली.

"माणूस आहेस का कोण? झोपू देणार आहेस की नाही?"

मिशीवाला डोळे चोळत म्हणाला, "तुम्ही घोरत होता तेव्हा एकदा आपटला बूट. कबूल. नंतर तुम्ही गप्प झालात, आम्ही झोपलो."

"नंतरही आपटलास!"

"अहो, गप्प झालेल्या माणसासाठी मी कशाला उठू? मला काय वेड लागलंय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. एवढा उत्साह त्याच्या अंगात नव्हताच. पण भाऊजींना ते पटलं नाही.

पुढच्या आठवड्यात डेपोत अपघात टाळण्यावर कुणा अधिकाऱ्याचं भाषण होतं. सगळ्या ड्रायव्हरांना अंगणात शामियान्याखाली बसवलं होतं. भाऊजी मागच्या मागे सटकले आणि गिरणीत येऊन झोपले. अपघात कसे टाळायचे हे ऐकण्यापेक्षा त्यांना झोप महत्त्वाची वाटली. धन्य तो माणूस.

धप्. धप्.

भाऊजी धावत मोठ्या खोलीत आले.

कुणी नव्हतं.

सगळ्या खाटा रिकाम्या. खिडकीतून अंगण दिसत होतं. मिशीवाला पहिल्या रांगेत बसून जांभई देत होता.

भाऊजी गिरणीच्या दारात परत आले. पंखा फिरत होता. मधल्या खाटेवरची गादी तशीच बांधलेली होती. पण खाट...

खाट हळूच करकरली. कुणीतरी तिच्यावर परत आडवं झाल्यासारखी.

कुणालाही घाम फुटला असता. भाऊजींनी 'खाटा जुन्या आहेत' असं ठरवलं आणि कँटीनमध्ये जाऊन बसले. ज्याचा विचार करायला लागेल ते नाहीच, असं मानायची त्यांची जुनी सवय.

पण एक गोष्ट त्यांना तशी उडवून लावता आली नाही.

एका संध्याकाळी गाडी पुलावर होती. गाडीभर माणसं. अचानक कानाशी बेल घणघणली. भाऊजींनी डोळे उघडले तेव्हा पुलाचा कठडा समोर होता. बाजूला नाही. समोर. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, मागे आरडाओरडा झाला, गाडी वाचली.

त्यांच्या गाडीवर एक कंडक्टर बाई होत्या. किरकोळ अंगाच्या, जिभेने तिखट. शेवटच्या थांब्यावर त्या ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"डोळे मिटले होते तुमचे."

"उन्हाने जरा..."

"ऊन कधीच गेलंय. दिवे लागलेत. हे दुसऱ्यांदा झालं. दवाखान्यात जा, नाहीतर उद्या मी साहेबांना सांगते. गाडीतली माणसं काय तुमच्या बापाची आहेत का?"

नोकरी जाणार म्हटल्यावर भाऊजी हलले. पण डॉक्टरकडे? छे. आधी त्यांनी जाहिरातीतला नाकाचा चिमटा आणला. मग हनुवटीला बांधायचा पट्टा आणला, तो बांधल्यावर ते दातदुखी झालेल्या म्हाताऱ्यासारखे दिसायचे. मग कुणीतरी सांगितलं म्हणून बनियनला पाठीमागे चेंडू शिवून घेतला, म्हणजे उताणं झोपता येऊ नये. हे सगळं ताईपासून चोरून. घोरतो असं कबूल केलं तर एवढ्या वर्षांची तिची बडबड खरी ठरली असती, आणि त्यापेक्षा पुलावरून खाली पडलेलं बरं!

बाईंनी चेंडू बघितला आणि फक्त एवढंच म्हणाल्या, "रजा टाका. मी येते डॉक्टरकडे."

नाक-कान-घशाचे डॉक्टर तरुण होते आणि त्यांना उगाच गोड बोलायची सवय नव्हती.

"घोरणं म्हणजे गाढ झोप, हे कुणी सांगितलं तुम्हाला?" ते म्हणाले. "झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते. वाट अरुंद होते, हवा जाताना घसा थरथरतो, तो तुमचा आवाज. वजन वाढलंय, मान जाड आहे, उताणे झोपता. पिता का?"

"कधीतरी."

"रोज," बाई म्हणाल्या.

"त्यानेही स्नायू ढिले पडतात. पण मी आवाजाला घाबरत नाही. आवाज थांबतो ना, त्याला घाबरतो. तेव्हा वाट पूर्ण बंद झालेली असते. हवा आत जातच नाही. मग मेंदू घाबरून तुम्हाला अर्धवट उठवतो. तुम्ही हवा ओढता, परत झोपता, परत तेच. तुम्हाला वाटतं झोप झाली. झोप झालेलीच नसते. मग ती गाडी चालवताना येते."

त्यांनी एक यंत्र दिलं. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, आवाज टिपायला माइक. ते लावून घरी रात्री झोपायचं होतं. भाऊजींनी ते लावलं गिरणीत, दुपारी, अर्थात ताईला कळू नये म्हणून.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला.

"आजार मोठा आहे. मशीन लागेल. झोपताना मास्क लावायचा, त्यातून हवेचा दाब येतो आणि घसा उघडा राहतो. वजन उतरवा. दारू बंद. तोपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही." मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण मला एक सांगा. तुमच्या खोलीत दुसरं कोण झोपतं?"

"कुणी नाही."

डॉक्टरांनी आवाज लावला.

आधी भाऊजींचं घोरणं. आपलं घोरणं ते पहिल्यांदा ऐकत होते. किळसवाणं होतं, आणि आता आरशातून बघायला दुसरा कुणी नव्हता.

मग घोरणं थांबलं.

शांतता.

पंख्याचा आवाज. लांबून बस धुवायच्या पाइपचा आवाज. श्वास नाही...

शांतता लांबत गेली. बाईंनी पदराचं टोक मुठीत धरलं.

मग...

खाट करकरली.

अनवाणी पावलं वाजली. जवळ आली.

धप्. धप्.

आणि भाऊजींचा श्वास, घशातून ओरबाडून आत आलेला.

"प्रत्येक वेळी असंच आहे," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही घोरत असताना हा माणूस गप्प असतो. तुम्ही गप्प झालात की उठतो. काही वेळा तर मेंदूने केव्हाच उठवायला हवं होतं, आणि उठवलेलं नाही. याने उठवलं. कोण आहे त्याला माझ्यातर्फे चहा पाजा."

बाहेर आल्यावर बाई दवाखान्याच्या पायरीवरच बसल्या.

"भोंगा," त्या म्हणाल्या.

"कोण भोंगा?"

"माझा आधीचा ड्रायव्हर. असा घोरायचा की सगळे त्याला भोंगा म्हणायचे. मधल्या खाटेवर झोपायचा. मागच्या उन्हाळ्यात हे सगळे नेहमीसारखे बूट आपटत होते. मग त्याचा आवाज बंद झाला. तुमचा तो मिशीवाला म्हणाला, सुटलो एकदाचे. हसले आणि झोपले सगळे."

"मग?"

"मग काय? गाडी लागली, माणसं चढली, मी खाली उभी राहून त्याला शिव्या घालतेय. शेवटी आत गेले. हे सगळे ढाराढूर झोपलेले. आणि तो गार." बाईंनी पायरीवर तळहात आपटला. "एकजण उठून हलवून बघता तर हवा आत गेली असती. नुसती एक थाप. पण शांतता मिळाली होती ना त्यांना. कोण उठतो?"

असल्या माणसांबद्दल काय बोलायचं? वाईट म्हणावं तर तेवढीही त्यांची ऐपत नाही. माणूस मेला आणि यांची दुपार चांगली गेली.

भाऊजींनी रजा काढली. ताईला सांगावं लागलं, तिने अपेक्षेप्रमाणे सगळ्या नातेवाइकांना फोन केले. मशीन आलं. पहिले काही दिवस मास्क नकोसा वाटला, मग सवय झाली. ते ताजेतवाने उठायला लागले. डॉक्टरांनी सही दिली, भाऊजी कामावर परत आले आणि मशीन घेऊन गिरणीत गेले.

भीती वाटत होती का? वाटतच होती. पण भीती वाटते असं मिशीवाल्यासमोर म्हणण्यापेक्षा भूत परवडलं.

"पायलट आले, पायलट!" मिशीवाला मास्क बघून ओरडला.

भाऊजी झोपले. मस्त झोपले. थाप नाही, काही नाही. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी झोप लागायच्या आधी...

कुणीतरी घोरायला लागलं.

शेजारून. मधल्या खाटेवरून.

गादी बांधलेली होती. खाट रिकामी होती. घोरणं मात्र जवळून येत होतं, जड, ओलं, मध्ये मध्ये अडकणारं.

पार्टिशनवर बूट आपटला. "मशीन घालूनही घोरता? पैसे परत मागा!"

मिशीवाला तणतणत दारात आला. भाऊजी मास्क लावून ताठ बसलेले त्याने बघितले. मग त्याला आवाज ऐकू आला. त्याने मधल्या खाटेकडे बघितलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो तसाच मागे फिरला.

आणि घोरणं थांबलं.

शांतता.

भाऊजी वाट बघत राहिले. शांतता संपेना. पायाखालची फरशीसुद्धा गार वाटायला लागली...

काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. हात आपोआप उठला. त्यांनी पार्टिशनवर थाप मारली.

धप्. धप्.

रिकाम्या खाटेवरून कुणीतरी हवा ओढली. घशातून ओरबाडून. मग परत घोरणं सुरू झालं.

त्या दुपारी भाऊजी झोपले नाहीत. पुढच्याही नाही. आवाज थांबला की थाप. थांबला की थाप. ज्याने त्यांना इतके दिवस जगवलं त्याची पाळी आता आली होती, आणि भाऊजी, ज्यांनी उभ्या जन्मात कुणासाठी ताट उचललं नाही, ते रोज दुपारी बसून थापा मारत होते.

पण मग पुलावर डोळे परत जड व्हायला लागले.

"पुन्हा?" बाई म्हणाल्या.

भाऊजींनी त्यांना सगळं सांगितलं.

"गाडी सोडा," त्या म्हणाल्या. "संध्याकाळची ड्युटी दुसऱ्याला द्या. निम्मा पगार येईल. तुम्ही दुपारी उठवा त्याला आणि घरी जाऊन झोपा."

"निम्म्या पगारात घर चालतं का?"

"मग मला कशाला विचारता?"

भाऊजींनी मोठ्या खोलीत खाट घेतली. आता ते घोरत नव्हते, त्यामुळे कुणाची हरकत नव्हती. लांब वायर टाकून मशीन जोडलं. गिरणीला कुलूप लागलं.

पहिली दुपार. सगळे आडवे झाले.

पार्टिशनच्या पलीकडे घोरणं सुरू झालं. सगळ्यांनी ऐकलं. कुणी बूट उचलला नाही.

मग ते थांबलं.

शांतता...

मोठ्या खोलीत कुणी कूस बदलेना. भाऊजींनी मास्कमधून बघितलं. सगळ्यांचे डोळे उघडे होते.

आणि मग पलीकडून...

धप्.

हळू. हात उचलायचं बळ नसल्यासारखी.

धप्.

कुणीतरी उठावं म्हणून.

तेव्हा मिशीवाल्याने डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली. खोटं खोटं. त्याच्या शेजारच्यानेही केली. मग सगळ्यांनी. धडधाकट माणसं, मिश्या असलेली, पोरंबाळं असलेली, डोळे घट्ट मिटून घोरायची नक्कल करत पडली, आम्हाला ऐकू आलं नाही हे भिंतीपलीकडच्याला कळावं म्हणून.

भाऊजींना मास्कमध्ये घोरता येईना. ते नुसते पडून राहिले. उठले नाहीत.

थापा बराच वेळ येत होत्या. मग आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी भाऊजींनी गाडी छान चालवली. दुसऱ्या दिवसापासून गिरणीतून काहीही ऐकू आलं नाही. घोरणं नाही, खाट नाही, थाप नाही. डेपोत सगळ्यांना हायसं वाटलं.

मग एका दुपारी वीज गेली.

मशीन बंद पडलं. भाऊजींना कळलंच नाही, ते झोपेत होते. जाग आली ती कशी, ते त्यांनाही सांगता येत नाही. ओठ काळेनिळे, डोळ्यांपुढे अंधारी, मास्क बाजूला पडलेला. ते खाटेवरून खाली पडले होते, आणि त्या पडण्यानेच बहुतेक श्वास परत आला. मिशीवाला उशीवर कोपर टेकून त्यांच्याकडे बघत होता.

"घोरत होता तुम्ही," तो म्हणाला.

"मग?"

"मग थांबलात."

"उठवलं का नाहीस मला?"

मिशीवाल्याला प्रश्नच कळला नाही. "थांबला होतात ना," तो म्हणाला.

त्या दिवसापासून भाऊजी डेपोच्या खोलीत झोपत नाहीत. मशीनला बॅटरी घेतली आहे. दुपारी आपल्याच बसच्या मागच्या सीटवर झोपतात. पण झोप येत नाही. बॅटरी संपली तर काय, हेच डोक्यात. रात्री घरी ताईला उशाशी बसवून ठेवतात, तिला डुलकी लागली की ओरडतात. काळवंडले आहेत अगदी. गिरणीचं कुलूप काढून आत जाऊन यावं, असं एकदा माझ्याजवळ बोलले. गेले मात्र नाहीत.

परवा त्यांनी कंडक्टर बाईंना विचारलं. गाडीत दोघंच होते. बाई पुढच्या सीटवर जेवायचा डबा घेऊन बसल्या होत्या.

"बाई, मी मागे झोपतोय. मध्येच माझा आवाज बंद झाला, तर उठवाल ना मला?"

बाईंनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"त्या दुपारी तुम्ही उठलात का?"

बाईंनी डबा उघडला आणि जेवायला सुरुवात केली.